ग्रॅच्युइटीचा कायदा कोडमध्ये उतरवताना: प्रकल्प नोंदी

११ ऑगस्ट २०२५

आजपासून नोंदी ठेवायला सुरुवात करतेय. काम काय आहे ते आधीच लिहून ठेवते, म्हणजे पुढे कोणी रेपो (कोडचा साठा) उघडला तर त्याला विचारत बसावं लागणार नाही. १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा, म्हणजे नोकरी संपताना मालकाने द्यायच्या एकरकमी पैशांचा, कलमानुसार कोडमध्ये उतरवायचा. कॅल्क्युलेटर बनवायचा नाहीये, ते नेटवर ढीगभर आहेत, पगार टाका वर्षं टाका आकडा घ्या. पण तो आकडा कुठल्या कलमातून आला ते कोणी सांगत नाही आणि हंगामी कामगारासाठी तर त्यात जागाच नसते. आमच्या कोल्हापूर-सांगली पट्ट्यात साखर कारखान्यातले निम्मे प्रश्न हंगामी लोकांचेच असतात.

टीम छोटी आहे. मी कोड लिहिणार, कामगारांच्या केसेस चालवणाऱ्या वकील मॅडम कायदा बघणार, आणि एका कारखान्यातून रिटायर झालेले टाइमकीपर काका, ज्यांनी आयुष्यभर मस्टर (हजेरीपट) लिहिलंय, ते "प्रत्यक्षात काय होतं" हे सांगणार. या तिसऱ्या माणसाशिवाय असं काम करूच नये असं माझं ठाम मत आहे.

१४ ऑगस्ट

सगळ्यात सोपा नियम आधी घेतला. मासिक पगारवाला कायम कामगार: शेवटचा पगार भागिले २६ गुणिले १५ गुणिले वर्षं. पगार म्हणजे बेसिक अधिक महागाई भत्ता, बोनस कमिशन घरभाडं ओव्हरटाइम आणि बाकीचे भत्ते धरायचे नाहीत, कलम २ मध्ये स्पष्ट आहे. २६ चा भाजक १९८७ च्या दुरुस्तीने थेट कलमातच घातलाय, त्यामुळे त्यात वादाला जागाच नाही.

तरी वाद आहेच. मॅडमनी एका कामगाराला मिळालेला हिशेबाचा कागद आणला, नाव गाव खोडून. बेसिक-डीए १८,२००, नोकरी २२ वर्षं ७ महिने. ऑफिसच्या एक्सेलने भागलंय ३० ने आणि वर्षं धरलीत २२. म्हणजे ९,१०० गुणिले २२, एकूण २,००,२००. कायद्याने १८,२०० भागिले २६ म्हणजे ७०० रोज, पंधरा दिवसांचे १०,५००, आणि सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरायचा म्हणून वर्षं २३. एकूण २,४१,५००. फरक ४१,३०० रुपये. त्या माणसाने सही करून पैसे घेतले कारण त्याच्यासमोर फक्त शेवटचा आकडा होता. एक्सेलच्या सेलमध्ये ३० लिहिलंय हे त्याला दिसणार कसं?

म्हणून आजच ठरवलं की आपल्या प्रोग्रामचं आउटपुट आकडा नाही, आउटपुट म्हणजे कागद. एका पानावर, मराठीत, प्रत्येक ओळीला तीन गोष्टी: रक्कम किंवा दिवस, कुठलं कलम, आणि माहिती कुठून घेतली (मस्टर, पगारपत्रक, कामगाराने तोंडी सांगितलेलं). जी ओळ तोंडी माहितीवर आहे ती वेगळी दिसली पाहिजे.

१९ ऑगस्ट

सहा महिन्यांचं बघितलं. कायद्यात शब्द आहेत सहा महिन्यांपेक्षा "जास्त", म्हणजे बरोबर सहा महिने झाले तर ते वर्ष नाही, एक दिवस वर गेला की वर्ष. आणि महिना म्हणजे कॅलेंडरचा महिना, १८३ दिवस वगैरे काही नाही, ते १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टमध्ये आहे. टेस्ट लिहिल्या: २२ वर्षं ६ महिने ० दिवस = २२, २२ वर्षं ६ महिने १ दिवस = २३. फेब्रुवारीवाल्या तारखा वेगळ्या घातल्या.

२३ ऑगस्ट

मॅडमना प्रश्न पडला की हे असं कोणी आधी केलंय का, की आपण काहीतरी हवेत करतोय. केलंय की, आणि बऱ्याच आधी. १९८६ साली लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधल्या लोकांनी ब्रिटनचा १९८१ चा नागरिकत्व कायदा प्रोलॉग या प्रोग्रामिंग भाषेत लिहून काढला होता. तेव्हाही त्यांना हेच दिसलं की बराच कायदा जर-तर मध्ये नीट बसतो, आणि मग मध्येच "मंत्र्यांचं समाधान झालं तर" असं वाक्य येतं आणि तिथे लॉजिक संपतं. फ्रान्समध्ये ओपनफिस्का २०११ पासून आहे, कर आणि सरकारी मदतीचे नियम ओपन सोर्स कोडमध्ये. न्यूझीलंडने २०१८ मध्ये एक प्रयोग केला, कायदा लिहिणारे, धोरणवाले आणि प्रोग्रामर एकाच खोलीत बसवून नियम आणि कोड बरोबरच तयार करायचा, मागाहून भाषांतर केल्यासारखं नाही. यालाच आता सगळे रूल्स अ‍ॅज कोड म्हणतात.

आपल्याकडे पण काहीच नाही असं नाही, पुण्यात बांधकामाचे नकाशे कित्येक वर्षं ऑटोडीसीआर सॉफ्टवेअरने तपासले जातात, एफएसआय किती, साइड मार्जिन किती सगळं कॅडच्या फाइलमधून मोजून. पण तिथे नियम सॉफ्टवेअरच्या आत बसलेले असतात, आपल्याला वाचता येतात ते फक्त छापील नियम. मला दोन्ही शेजारी शेजारी हवेत.

या बाबतीत फ्रान्समधल्या इन्रिया संस्थेची काताला भाषा मला सगळ्यात आवडली. तिच्यात कायद्याचा परिच्छेद आणि त्याच्याखाली त्याच परिच्छेदाचा कोड अशी फाइल असते, वकील वरचं वाचतो, प्रोग्रामर खालचं, दोघं एकाच पानावर. आणि अपवाद ही गोष्ट भाषेतच आहे. आपले कायदे तसेच असतात ना, आधी नियम, मग "परंतु", मग "परंतु आणखी असे की". ते जर इफ-एल्सच्या जाळ्यात घातलं तर सहा महिन्यांनी मलाच वाचता येणार नाही. आम्ही पायथनच वापरतोय, कारण पुढे ज्यांना सांभाळायचंय त्यांना ते येतं, पण पद्धत काताल्याची: एक पोटकलम एक फंक्शन, वर कायद्याचा मूळ मजकूर, आणि अपवाद वेगळे रजिस्टर करायचे.

१ सप्टेंबर

ग्रॅच्युइटीच्या कमाल मर्यादेचा टेबल. २४ मे २०१० पासून १० लाख, २९ मार्च २०१८ पासून २० लाख. नियमाला तारीख चिकटवायची आणि नोकरी संपल्याच्या तारखेवरून कुठला नियम लागतो ते ठरवायचं. टेस्ट: पगार ६२,४००, ३३ वर्षं, हिशेबाने ११,८८,०००. नोकरी २८ मार्च २०१८ ला संपली तर हातात १०,००,०००, दुसऱ्या दिवशी संपली तर पूर्ण ११,८८,०००. एका दिवसाने १,८८,००० चा फरक, क्रूर वाटतं पण नियम तसा आहे आणि कोडने तो तसाच दाखवायचा.

काकांनी विचारलं, "पेपरात तर २५ लाख झाली म्हणून आलं हुतं की गं?" ते केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांचं, जानेवारी २०२४ पासूनचं, त्यांचे नियम वेगळे, कारखान्याला लागत नाहीत. हा गैरसमज इतका पसरलाय की कागदाच्या तळाला एक ओळ कायमची टाकली.

९ सप्टेंबर

आता खरं काम. हंगामी.

कलम ४ पोटकलम २ चं दुसरं परंतुक: हंगामी आस्थापनेत जो वर्षभर कामाला नसतो त्याला दर हंगामाला सात दिवसांचा पगार. कायम कामगाराला पंधरा, हंगामीला सात. आणि तो हंगाम सलग सेवा म्हणून धरला जाण्यासाठी कलम २ए म्हणतं की आस्थापना जितके दिवस चालू होती त्याच्या ७५ टक्के दिवस त्याने प्रत्यक्ष काम केलेलं पाहिजे. कायमवाल्याला असते ती वर्षात २४० दिवसांची अट इथे नाही.

कोड लिहायला बसले आणि पहिल्याच व्हेरिएबलला अडकले. "आस्थापना चालू असलेले दिवस" म्हणजे कुठले? कायद्यात व्याख्या नाही. काकांना फोन लावला. ते म्हणाले, "अगं मोळी गव्हाणीत पडली की सीझन सुरू, असं आपण म्हणतो. पर बॉयलर त्याच्या आधी पेटतोय, फिटर-खलाशी त्याच्याबी आधी महिनाभर दुरुस्तीला असत्यात, आणि मोळी पडल्यावर पण ऊस न्हाई आला तर मिल उभीच." आणि सीझन संपल्यावर साफसफाईचे दिवस, ते तर मी धरलेच नव्हते.

आता आकड्यात बघा. समजा गाळपाचे दिवस १३२. ७५ टक्के म्हणजे ९९. दुरुस्ती, बॉयलर आणि साफसफाई धरून कारखाना चालू होता १६८ दिवस, तर ७५ टक्के १२६. मिल हाउसमधला एक माणूस फक्त गाळपात आला, हजेरी ११०. पहिल्या अर्थाने त्याचा हंगाम भरला, दुसऱ्या अर्थाने नाही भरला. एकाच मस्टरवर एकाच कायद्याने दोन उत्तरं. आणि हे एका हंगामाचं, अशी वीस-बावीस वर्षं साठली की माणसाचं सगळं म्हातारपण त्या एका न लिहिलेल्या व्याख्येवर लटकतं.

मला इथे थोडा वेळ थांबायचंय कारण हाच या प्रकल्पाचा गाभा आहे असं मला वाटतं. पन्नास वर्षं हा मजकूर छापलेला आहे, हजारो लोकांनी वाचलाय. वाचताना हा प्रश्न अंगावर येत नाही कारण वाचणारा मनातल्या मनात आपापला अर्थ भरून पुढे जातो. ऑफिसमधल्या क्लार्कने भरला तो १६८, युनियनवाल्याने भरला तो १३२. मशीनला असं मनातल्या मनात काही भरता येत नाही, ते विचारतंच.

११ सप्टेंबर

मॅडमशी बसून ठरवलेली गोष्ट, आता ही बदलायची नाही. प्रत्येक अटीचं उत्तर तीनपैकी एक: हो, नाही, आणि "अधिकाऱ्याने ठरवायचं" (अधिकारी म्हणजे ग्रॅच्युइटीचे वाद बघणारी सरकारी कंट्रोलिंग ऑथॉरिटी). तिसरं उत्तर आलं की प्रोग्राम थांबत नाही, दोन्ही बाजूंचा हिशेब पुढे नेतो आणि कागदावर दोन आकडे देतो, शेजारी लिहितो की फरक कशामुळे पडतो. आपण आपल्या सोयीचा अर्थ निवडून एकच आकडा छापायचा नाही, कामगाराच्या बाजूचा असला तरी नाही. मॅडम म्हणाल्या, एकतर्फी कागद समोरचा वकील दोन मिनिटात फाडतो, दोन आकड्यांचा कागद त्याला वाचावा लागतो.

बाकी ७५ टक्क्यांना राउंडिंग नाही. १३३ चे ७५ टक्के ९९.७५, तर १०० दिवस लागणार, ९९ चालणार नाहीत. टेस्ट घातली.

२० सप्टेंबर

आणखी एक भोक सापडलं आणि हे तर मॅडमनाही नवीन होतं. २६ ने भागायचा जो खुलासा कलम ४(२) ला जोडलाय तो शब्दशः "पंधरा दिवसांच्या" पगाराबद्दल आहे: मासिक पगाराला २६ ने भागा आणि १५ ने गुणा. हंगामीच्या सात दिवसांबद्दल तो खुलासा काहीच बोलत नाही! म्हणजे मासिक पगारावर असलेल्या हंगामी माणसाचा रोज काढताना २६ की ३०? सगळे २६ च धरतात, तेच योग्य वाटतं, एकाच कायद्यात एका माणसाचा रोज दोन प्रकारे निघू नये. पण लिहिलेलं नाही. १८,२०० ला २६ ने रोज ७००, सात दिवसांचे ४,९००, २२ हंगामांचे १,०७,८००. ३० ने गेलात तर ९३,४२७ च्या आसपास.

इथे डीफॉल्ट २६ ठेवला, पण कागदावर ओळ आली: "भाजक २६ हा प्रचलित पद्धतीनुसार, कलमात सात दिवसांसाठी स्पष्ट उल्लेख नाही."

४ ऑक्टोबर

जुनी मस्टरं मिळत नाहीत हा सगळ्यात मोठा त्रास. पूर, वाळवी, आणि "रेकॉर्ड नष्ट केलं" असं उत्तर. एका ओळखीच्या डेव्हलपरने, चांगल्या मनाने, सुचवलं की ज्या हंगामांची हजेरी नाही तिथे बाकीच्या हंगामांची सरासरी टाकू, मॉडेल पूर्ण होईल. नाही. अजिबात नाही.

ऑस्ट्रेलियात हेच झालं होतं. रोबोडेट म्हणून योजना, २०१५ पासून. सरकारी भत्ता घेणाऱ्यांचं उत्पन्न पंधरवड्याच्या हिशेबाने बघायचं असा तिथला नियम, आणि सॉफ्टवेअरने काय केलं, करखात्याकडचं वर्षाचं उत्पन्न २६ पंधरवड्यांत सारखं वाटून टाकलं आणि त्यावरून लोकांना वसुलीच्या नोटिसा पाठवल्या. जो माणूस चार महिने काम करून बाकी वर्ष बेकार होता त्याने बेकारीतही कमावलं असं मशीन म्हणायला लागलं, आणि तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी त्याच माणसावर. लाखो लोक भरडले गेले. शेवटी ती पद्धत बेकायदेशीर ठरली, सरकारला पैसे परत द्यावे लागले, आणि २०२३ मध्ये रॉयल कमिशनचा, म्हणजे चौकशी आयोगाचा, अहवाल आला तो वाचताना पोटात तुटतं. कायदा कोडमध्ये उतरवला म्हणून हे झालं नाही, कायद्यात नसलेली गोष्ट कोडमध्ये घातली म्हणून झालं. आणि भरडले कोण गेले तर ज्यांचं काम सलग नसतं तेच, आपल्या हंगामी लोकांसारखे.

म्हणून नियम: हजेरी नसेल तर "माहिती नाही", आणि माहिती कोणी द्यायची तर ज्याच्या ताब्यात रेकॉर्ड असायला हवं त्याने. कागदावर त्या हंगामापुढे "मस्टर मालकाकडून मागवावे" असं छापलं जाईल.

१८ ऑक्टोबर

व्याजाचं मॉड्यूल. कलम ७: देय झाल्यापासून ३० दिवसांत द्यायचे, नाही दिले तर साधं व्याज, अधिसूचनेप्रमाणे १० टक्के. बघण्यासारखी गोष्ट ही की व्याज मोजायचं ते देय झाल्याच्या तारखेपासून, एकतिसाव्या दिवसापासून नाही. आम्ही बघितलेल्या बहुतेक हिशेबांत तो महिना गायब असतो. २,४१,५०० वर दोन वर्षांचं व्याज ४८,३००.

अपवाद: उशीर कामगाराच्या चुकीने झाला असेल आणि त्यासाठी कंट्रोलिंग ऑथॉरिटीची लेखी परवानगी मालकाने घेतली असेल तरच व्याज नाही. दोन्ही हवंय, "आणि" आहे मध्ये. प्रोग्राम दोन प्रश्न विचारतो आणि परवानगीच्या पत्राची तारीख मागतो. नुसतं "त्यानेच कागद उशिरा दिले" एवढ्यावर व्याज शून्य होत नाही.

२ नोव्हेंबर

ग्रॅच्युइटी जप्त करायचं कलम, ४(६). मालकाचं नुकसान केलं तर नुकसानीइतकी रक्कम, दंगा, हिंसाचार किंवा नैतिक अधःपतनाचा गुन्हा असेल तर पूर्ण किंवा काही भाग जप्त "करता येईल". फेब्रुवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नैतिक अधःपतनासाठी फौजदारी शिक्षा झालेलीच असली पाहिजे असं नाही, आणि त्याच निकालात आपल्या एसटीच्या कंडक्टरांच्या प्रकरणात, तिकिटाच्या पैशांच्या अफरातफरीचं, जप्ती २५ टक्क्यांपुरतीच ठेवली. म्हणजे किती टक्के हे माणसाने परिस्थिती बघून ठरवायचं असतं. हे मी कोडमध्ये लिहिणार नाही, कधीच. प्रोग्राम फक्त इतकं तपासतो: नोकरीवरून काढलंय का, याच कारणासाठी काढलंय का, जप्तीचा लेखी आदेश आहे का. एक जरी "नाही" आलं तरी जप्तीचा प्रश्नच येत नाही. तीन "हो" आले की पुढे "अधिकाऱ्याने ठरवायचं".

चार वर्षं २४० दिवसांचा वादही याच डब्यात. ग्रॅच्युइटी मिळायला पाच वर्षं नोकरीची जी अट आहे ती पाचव्या वर्षी २४० दिवस भरले की पूर्ण होते असं मद्रास हायकोर्टाने म्हटलंय, पण सगळीकडे ते मानतात असं नाही. दोन आकडे.

२२ नोव्हेंबर

काल चारही लेबर कोड लागू झाले (हा कोड म्हणजे कायद्याची संहिता, आपला प्रोग्रामचा कोड नाही). २९ कायद्यांचे चार, आणि आपला १९७२ चा कायदा सोशल सिक्युरिटी कोडमध्ये गेला, कलम ५३ पासून पुढे. सकाळपासून ग्रुपवर "आता काय सगळं फेकायचं का" असे मेसेज. काही फेकायचं नाही. कमाल मर्यादेसाठी केलेला तारखेचा टेबल आता कामाला आला, प्रत्येक नियमाला "कधीपासून" आणि "कधीपर्यंत" आहेच, जुन्याला कालची तारीख लावली, नवीन शेजारी लिहायचे. २० नोव्हेंबरला रिटायर झालेल्याचा हिशेब जुन्या कायद्यानेच होणार आणि दहा वर्षांनी कोर्टात उघडला तरी तसाच झाला पाहिजे.

२९ नोव्हेंबर

पगाराची नवीन व्याख्या. बेसिक, महागाई भत्ता, आणि रिटेनिंग अलाउन्स असेल तर तोही. हे वाचून काकांना लगेच फोन केला! ऑफ सीझनमध्ये हंगामी माणसाला बांधून ठेवायला जो रिटेन्शन देतात तो आता व्याख्येत नाव घेऊन आलाय. फक्त शेवटच्या पगारात तो कसा धरायचा, हंगाम संपताना निवृत्त झाला तर वेगळं आणि ऑफ सीझनमध्ये झाला तर वेगळं का, हा प्रश्न आहेच, यादीत टाकला.

दुसरी गोष्ट पन्नास टक्क्यांची. वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाले तर वरचा भाग पगारात धरायचा. एकूण ४०,०००, बेसिक-डीए १४,०००, घरभाडं प्रवासभत्ता वगैरे २६,०००. निम्मे २०,०००, वरचे ६,००० पगारात, म्हणजे पगार २०,०००. एका वर्षाची ग्रॅच्युइटी जुन्या व्याख्येने ८,०७७, नवीनने ११,५३८. बेसिक मुद्दाम कमी ठेवायची जी जुनी युक्ती आहे तिला इथे चांगला चाप बसतोय, बघून खूप बरं वाटलं.

६ डिसेंबर

फिक्स्ड टर्म, म्हणजे ठराविक मुदतीच्या कॉन्ट्रॅक्टवरची नोकरी. टीव्हीवर सगळीकडे "आता एका वर्षात ग्रॅच्युइटी". मजकूर वाचला तर एका वर्षाची अट इंडस्ट्रियल रिलेशन्स कोडमधल्या फिक्स्ड टर्मच्या व्याख्येत आहे. सोशल सिक्युरिटी कोडच्या कलम ५३ मध्ये मुदत संपल्यामुळे नोकरी गेली तर पाच वर्षांची अट लागत नाही आणि प्रो राटा (नोकरीच्या काळाच्या प्रमाणात) द्यायची, एवढंच. मग दहा महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवाल्याचं काय? एका कोडकडून बघितलं तर शून्य, दुसऱ्याकडून बघितलं तर दहा महिन्यांच्या प्रमाणात. आपल्याकडे हा प्रश्न पुस्तकी नाही, एक सीझनपुरतं लेखी कॉन्ट्रॅक्ट करायचं लोण सगळीकडे आहे, पाच-सहा महिन्यांचं. तो हंगामी धरायचा की फिक्स्ड टर्म? सात दिवस की प्रो राटा पंधरा? तिसरं उत्तर, दोन आकडे, आणि कारणासकट.

मला मनापासून वाटतं की हे काम खरं तर सरकारचं आहे. गॅझेटमध्ये नियम छापतानाच त्याच्याबरोबर शंभर-दोनशे उदाहरणं छापा, अमुक माणूस अमुक हजेरी अमुक पगार, उत्तर इतकं. प्रोग्राम नका देऊ, नुसती उदाहरणं द्या. ती लिहितानाच मसुदा करणाऱ्याला कळेल की १३२ की १६८ हे आपण सांगितलेलंच नाही, आणि प्रत्येक कारखान्याच्या, प्रत्येक पेरोल कंपनीच्या सॉफ्टवेअरला तीच परीक्षा द्यावी लागेल. आज परीक्षा फक्त कामगाराची होते.

१० जानेवारी २०२६

युनियनच्या ऑफिसात कागद वापरायला दिला. पहिला प्रतिसाद काकांकडूनच, ते तिथे बसून लोकांना भरून देतायत. म्हणाले, "लोकं आकडा नंतर बघत्यात, आधी ते 'मस्टर मागवावे' वाचत्यात. म्हनजे मागता येतंय व्हय, असं इचारत्यात." मग त्या ओळीखाली अर्जाचा नमुना जोडला. एक बाई आल्या होत्या, नवरा हंगामात कामावर असताना वारला, त्यांना कोणीतरी सांगितलं होतं की पाच वर्षं झाली नव्हती म्हणून काही मिळणार नाही. मृत्यूच्या केसमध्ये पाच वर्षांची अट जुन्या कायद्यातही नव्हती आणि नवीनमध्येही नाही. ही ओळ कागदावर वर आणली, मोठ्या अक्षरात.

मोबाइलवर भरणाऱ्यांसाठी तारीख टाकायचा बॉक्स सुधारायचाय, लोक ३१/६ टाकतात.

७ फेब्रुवारी

कामगार विभागाला पाठवायचं पत्र तयार झालं, मॅडमनी दोनदा तपासलं. चार प्रश्न, प्रत्येकाबरोबर एक काल्पनिक मस्टर आणि दोन्ही अर्थांनी निघणारे आकडे: आस्थापना चालू असलेले दिवस कुठले, सात दिवसांसाठी भाजक कोणता, रिटेनिंग अलाउन्स शेवटच्या पगारात कसा मोजायचा, एका सीझनचं कॉन्ट्रॅक्ट हंगामी की फिक्स्ड टर्म. कलमाच्या शब्दांवर मत मागितलंय, कुठल्या कारखान्याची तक्रार नाही. उत्तर आलं की ज्या फंक्शनमध्ये आज तिसरं उत्तर आहे तिथे पत्राचा क्रमांक आणि तारीख घालून नवीन नियम लिहायचा, जुना पुसायचा नाही.

पुढचं काम पीस रेटवाल्यांचं, म्हणजे ज्यांना कामाच्या नगावर पैसे मिळतात त्यांचं. नोकरी संपायच्या आधीच्या तीन महिन्यांची सरासरी, ओव्हरटाइम वगळून. तिथे प्रश्न येणारच की शेवटचे तीन महिने ऑफ सीझनचे असतील तर सरासरी कशाची काढायची. काकांना सोमवारी बोलावलंय, येताना जुन्या पगारपत्रकांचा गठ्ठा घेऊन यायला सांगितलंय.